बोडी शिवेबाहेर कशी गेली

गोंदियापासून कोहमारा फाट्यापर्यंत सध्या एक हकिकत सांगितली जाते. नवेगाव बांधाजवळच्या एका टोल्याची हद्द चुकली होती, फुलचूरच्या एका निवृत्त मोजणीदाराने हातातल्या जीपीएसवर एक नजर टाकली आणि चूक पकडली, अशी ती हकिकत आहे. तो मोजणीदार मी. ही हकिकत सर्वस्वी खोटी आहे. ती माझ्या स्तुतीची असल्याने मी गप्प बसावे, असे माझ्या मुलासह पुष्कळांचे मत आहे. ते मला मान्य नाही. छत्तीस वर्षे मी साखळी, शंकू आणि फलक यांच्या साह्याने जमिनी मोजल्या. चुकीची नोंद माझ्या बाजूने असली, तरी ती चुकीचीच असते. म्हणून निघण्यापासून परतेपर्यंत जे घडले ते क्रमाने लिहितो.

पौषातल्या एका सकाळी मी आणि उमेश गोंदियाहून बसने निघालो. उमेश चाळिशीचा आहे. तो संगणकावर नकाशे तयार करून देतो आणि माझ्याशी वाद घालण्यात त्याला विशेष आनंद वाटतो. त्याच्या पिशवीत लॅपटॉप होता, माझ्या पिशवीत जीपीएस यंत्र आणि चार जादा बॅटऱ्या. हे यंत्र साबणाच्या वडीपेक्षा थोडे मोठे असते. मोकळ्या आभाळाखाली धरले की ते उपग्रहांचे संकेत घेते आणि आपण उभे आहोत ती जागा चार-पाच मीटरच्या फरकाने सांगते. चालू लागलो की मागे रेषा उमटत जाते. माझ्या पिढीतले पुष्कळजण त्याला खेळणे म्हणतात. मी म्हणत नाही. ज्याने काटेरी झुडपांतून साखळी ओढली आहे, त्याने तरी म्हणू नये.

टोल्याचे (टोला म्हणजे मूळ गावापासून फुटलेली लहान वस्ती) नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्यांचा सामूहिक वनहक्काचा दावा अद्याप कार्यालयात आहे. या दाव्याला गावाच्या वापरातल्या जंगलाचा नकाशा जोडावा लागतो. मागच्या उन्हाळ्यात एका पथकाने गावकऱ्यांसह शीव चालून असा नकाशा केला होता. तो छापून आला तेव्हा गावाची बोडी (लहान तलाव) रेषेच्या बाहेर दिसली. बोडीत बारा बाया मिळून मासे आणि शिंगाडे काढतात. आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. तीत हा नकाशा मंजूर झाला असता, तर बोडीवरचा त्यांचा हक्क दाव्यातूनच सुटला असता.

बसमध्येच आमचा वाद सुरू झाला. उमेशचे म्हणणे, तिथे झाडी दाट आहे, उपग्रहांचे संकेत तुटले असतील आणि रेषा भरकटली असेल.

"अंकल, जंगल में ऐसा होता है. सिग्नल उडी मारते."

"उडी मारलेली रेषा वेडीवाकडी दिसते. ही गुळगुळीत वळली आहे," मी म्हणालो.

माझे मत निराळे होते आणि ते मी ठामपणे मांडले. जुनी सर्वेक्षण-पत्रके पृथ्वीचा आकार एका मापाने धरून काढलेली आहेत आणि उपग्रह दुसऱ्या मापाने चालतात. दोन्ही एकावर एक ठेवताना सॉफ्टवेअरला हा फरक सांगितला नाही, तर सगळी रेषा शे-दीडशे मीटर बाजूला सरकते. चूक टेबलावरची आहे, रानातली नाही, असे मी गोरेगाव येईपर्यंत तीनदा सिद्ध केले. उमेश खिडकीबाहेर पाहत राहिला. कापलेल्या धानाच्या बांध्यांत (खाचरांत) लाखोरी (लाखेची डाळ) हिरवी झाली होती आणि खळ्यांवर रचलेल्या धानाची पुंजणी उभी होती.

नवेगाव बांधाला उतरून आम्ही पाच मिनिटे तलाव पाहिला. इतके पाणी पाहिले की माणूस आपोआप हळू बोलू लागतो. तिथून वनहक्क समितीचा अध्यक्ष मनोहर, ज्याने आम्हांला बोलावले होते, आम्हां दोघांना आपल्या मोटारसायकलवर मागे कसेबसे बसवून टोल्यावर घेऊन गेला.

मनोहरच्या पडवीत जेवण झाले. तांदळाची भाकर, लाखोरीची भाजी आणि झिंग्यांची (वाळवलेल्या लहान कोळंबीची) चटणी. चटणी इतकी जहाल होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आले. मनोहर हळूच म्हणाला, मागच्या पथकाने हे मुद्दाम केले असे गावात बोलले जाते. पुराव्याशिवाय असे बोलू नये, हे मी त्याला तिथेच सुनावले. तो थोडा हिरमुसला.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "मोजनीवाले बाबूजी हेच का जी? हे तं जेवतानाच रडून राहिले."

ही सायत्राबाई. साठी ओलांडलेली, उंच, हातात कोयता. बोडीच्या बायांच्या गटाची ती प्रमुख. पहिल्या वेळी शीव चालताना ती होती आणि आजही ती येणार होती.

"बोडी बाहेर गेली मनते पोट्टे," ती माझ्यासमोर बसून म्हणाली. "माही सासू त्या बोडीत उतरत होती. मी उतरतो. आता कागद मनते का बोडी तुमची नाई. तुमी कायले आले, कागदाचं आयकाले का बोडीचं?"

मी म्हणालो, दोन्हीचे. ती म्हणाली, "पाहू."

मागचे पथक उत्तरेच्या डांबरी सडकेवरून आले होते, म्हणून त्यांनी तिथून सुरुवात केली होती. सडकेपासून ते पश्चिमेकडे निघाले आणि शीव डाव्या वळणाने फिरून आले. आम्ही जवळच्या वाटेने पूर्वेच्या चांद्यावर (तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड) गेलो आणि तिथून दक्षिणेला, म्हणजे त्यांच्या उलट बाजूने निघालो. यामागे माझी काही योजना होती, असे आता सांगितले जाते. नव्हती. ती वाट जवळची होती, एवढेच.

चांद्यापाशी मी यंत्र दगडावर ठेवले, दहा मिनिटे स्थिर राहू दिले आणि यंत्रात आधीच भरून आणलेल्या पथकाच्या रेषेशी ताडून पाहिले. फरक चार मीटरचा निघाला. पृथ्वीच्या मापाची चूक असती, तर रेषा सगळीकडे सारखीच सरकायला हवी होती, इथेसुद्धा. माझा बसमधला सिद्धांत त्या दगडावर संपला. उमेशने यंत्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत सभ्यपणे विचारले, "अंकल, पानी पिओगे?"

पुढे चालताना आमची रेषा पथकाच्या रेषेवर जवळजवळ बसत होती. वाटेत दोन ठिकाणी शेंदूर लावलेले देवाचे दगड लागले. तिथे दोन-चार पावलांचा फरक पडला, तो मी मनावर घेतला नाही. एका नाल्याच्या काठावर माझा पाय घसरला. म्हातारा पडला, असे मनोहर सगळ्यांना सांगतो. मी पडलो नाही. यंत्र ओले होऊ नये म्हणून मी ते वर धरले आणि चिखलात बसलो.

दुपार कलताना बोडी आली. आधी मोहाची आणि येनाची (ऐनाची) दाट झाडी, तिच्या आत पाळीवर (बोडीच्या मातीच्या बांधावर) मातीचे घोडे आणि लाल निशाणे. हे शिवेचे देवस्थान. सगळ्यांनी पायांतले काढले. देवस्थानाला पाळ लागून आहे आणि पाळीला पाणी. सायत्राबाई पुढे झाली, तिने हात जोडले आणि झाडीला उजव्या हाताला ठेवून बाहेरच्या अंगाने, बोडीच्या सांडव्यापलीकडून चालू लागली. आम्ही मागोमाग.

यंत्राच्या पडद्यावर दोन रेषा फाटल्या. पथकाची रेषा गावाच्या बाजूने वळून गेली होती, आमची रानाच्या बाजूने चालली होती. मध्ये देवस्थान आणि बोडी. पलीकडे जाऊन दोन्ही पुन्हा एकत्र आल्या. संकेत कुठेही तुटला नव्हता. आमची रेषा तर झाडीच्या अधिक जवळून गेली होती.

"बाई, मागच्या वेळी तुम्ही इथूनच गेला होता का?" मी विचारले.

"नाई जी. तवा तिकडून गेलो." तिने पाण्याच्या गावाकडच्या काठाकडे हात केला.

"काऊन?" या वयात माझ्या तोंडून माझ्या आजोळची बोली सहज निघते.

ती माझ्याकडे, लहान पोराकडे पाहावे तशी पाहू लागली. "देव उजव्या हातालेच ठेवा लागते. आज आपन इकडून येऊन राहिलो, तं देव उजवा ठेवाले बाहेरून जा लागते. तवा तिकडून आलो होतो, तं आतून जा लागलं. अन् देवाच्या अन् पान्याच्या मधून कोनी जात नाई. मंग बोडीले बी वेढा पडला."

"सगळे तसेच गेले?"

"सगळेच. तो मशीनवालाही आमच्या मांगंच होता. त्याले कोन सांगन, बापा, देवाले डाव्या हाताले घे मनून?"

मी पाळीच्या खाली दगडावर बसलो. मशीनवाल्याने लबाडी केली नव्हती. उपग्रहांनी, झाडांनी, सॉफ्टवेअरने काही बिघडवले नव्हते. पावले जिथून गेली तिथून रेषा उमटली, आणि पावले श्रद्धेने गेली होती. डाव्या वळणाने शीव फिरणाऱ्या भाविकांनी देवाला मान दिला आणि त्या मानापायी बोडी नकाशाबाहेर पडली. छत्तीस वर्षांत मी किती देवस्थाने ओलांडून साखळी टाकली असेल. बरोबरची माणसे त्या जागी का थबकतात, हे मी एकदाही विचारले नव्हते. लाज वाटली, हे कबूल करतो.

सायत्राबाई पाण्यात उतरली आणि ओच्यातून मूठभर शिंगाडे घेऊन आली. कोयत्याने सोलून तिने पहिला मला दिला. "खा जी. तोंड काऊन उतरलं? बोडी तं येथंच हाय."

दिवस मावळायच्या आत मनोहरच्या पडवीत उमेशने दोन्ही रेषा उपग्रहाच्या चित्रावर ठेवल्या, मग खाली गावाचा जुना सरकारी नकाशा सरकवला. त्या सरकारी नकाशावरही शीव सांडव्यापलीकडूनच होती. उमेश मान हलवून म्हणाला, "मैं तो पेड़ों को गाली दे रहा था." मी म्हणालो, मी पृथ्वीला देत होतो. संध्याकाळी मनोहर मागच्या पथकातल्या माणसाला फोनवर जेवायला बोलावताना मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत नवा नकाशा भिंतीवर लावला. बाया पुढे आल्या. सायत्राबाईने निळ्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारले, "हेच का ती? येवढुशी?" मग बोट तिने बराच वेळ उचलले नाही. ठराव एकमताने झाला. इतिवृत्त वाचताना मात्र मला उभे राहावे लागले. त्यात लिहिले होते की, सेवानिवृत्त भूकरमापक यांनी आपल्या अनुभवाने चूक शोधली. मी म्हणालो, हे खोटे आहे, खोडा आणि सायत्राबाईचे नाव लिहा. मनोहर म्हणाला, काकाजी, तुमचे नाव असले की कार्यालयात वजन पडते. मी म्हणालो, कार्यालयाला मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो. आवाज चढले.

शेवटी सायत्राबाईच बोलली. "माह्या नावाचं का लोनचं घालता जी? बोडी आत आली ना? तं बसा खाली."

मी बसलो. पण सभा उठल्यावर मनोहरच्या हातात पेन देऊन ती ओळ माझ्यासमोर खोडून घेतली आणि तिथे तिचे पूर्ण नाव लिहवून घेतले. ते मी कोणाला विचारून केले नाही.

परतीच्या बसमध्ये उमेश माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपला. त्याला मी उठवले नाही. त्याच्या सॉफ्टवेअरशिवाय जुना नकाशा त्या रेषेखाली आला नसता. ते यंत्र होते म्हणून दोन वाटांमधला फरक डोळ्यांना दिसला. मी दोघांचाही ऋणी आहे. पण फरक दिसणे वेगळे आणि तो का पडला हे कळणे वेगळे. ते जिने सांगितले तिने मला शिंगाडाही सोलून दिला, आणि माझ्या नोकरीचा शेवटचा धडा निवृत्तीनंतर का होईना, पदरात घातला.

फुलचूरला पोचलो तेव्हा मुलाने दारातच विचारले, "मग, बरोबर कोण निघाले? तुम्ही की यंत्र?"

मी त्याला सायत्राबाईचे पूर्ण नाव सांगितले आणि त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतले.