अर्धं पाऊल

क्लबात बोलिंगचा खेळ चाले. लांब लाकडी गल्लीच्या टोकाला दहा बाटल्या उभ्या करायच्या, इकडून भरीव लाकडाचा गोळा सोडून त्या पाडायच्या. उभ्या करायला देवाजी. तो वाकलेला असतानाच कृष्णकांत साहेब गोळा सोडत.

"नाच बे देवाजी!"

सगळे हसत. देवाजी नाचत नसे. गोळा जुना, दरवेळी खिडकीकडे कलायचा. देवाजी उलट बाजूच्या भिंतीकडे अर्धं पाऊल सरकला की पुरे. त्याहून जास्त म्हणजे फुकटची मेहनत.

अडुसष्टच्या मे महिन्यात सेक्रेटरी आनंदराव म्हणाले, "रविवारी सामना आहे. गोळा सरळ धावला पाहिजे. नाहीतर गोळ्यासोबत तूही बाहेर."

बाहेर म्हणजे क्लबामागच्या राहत्या खोलीतूनही.

देवाजीने गोळा मांडीवर घेतला. पाणी लावलं नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात भिजलेलं लाकूड तडकतं. एका अंगाला तेलामळाची जाड खपली बसली होती. ती त्याने बांबूच्या चिपेने खरवडली, लोखंडाने नाही. बोटांची भोकं चिंधीने कोरली. भुशाने घासलं. मग तळहात तापेपर्यंत जवसाचं तेल. सावलीत गोणपाटावर ठेवून रोज पाव फेरा फिरवला, तेल एका अंगाला बसू नये म्हणून.

"लेकराले कधी इतकं तेल चोळलं नाही तुमी," बायको रुख्माबाई म्हणाली.

"लेकरापायी खोली जात नाही वं."

रविवारी तो शेवटची बाटली बसवत होता. मागून गोळा सुटल्याचा आवाज आला. देवाजी सवयीने भिंतीकडे सरकला. अर्धं पाऊल.

गोळा कलला नाही. नडगी काडीसारखी मोडली.

"वा! एकदम सरळ!" कृष्णकांत ओरडले.

आनंदराव धावत आले. त्यांनी आधी गोळा पाहिला. "रक्त लागलंय. पाणी आणा रे!"

"पाणी नका टाकू साहेब," देवाजी पडल्या पडल्या म्हणाला. "तडकून जाईन तो." खांद्यावरचं फडकं काढून त्याने गोळा पुसला. कोरडा, चारी अंगांनी. मग त्याला दवाखान्यात नेलं.

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. पाय वाकडा जुळला होता.

"लंगडा काय बाटल्या उभ्या करणार?" आनंदराव म्हणाले. "संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर."

देवाजीच्या जागी नत्थू आला होता. रुख्माबाईने डोक्यावर बोचकं घेतलं. देवाजी काठी टेकत नत्थूपाशी थांबला.

"काय गा, तू सरकतं किती?"

"अर्धं पाऊल. तुमचं पाहूनच शिकलो."

"पूर्ण टाकत जाजो," देवाजी म्हणाला. "गोळा आता सरळ आहे."