दह्याच्या डब्यातल्या पाकळ्या

ज्या भूमीतलं फूल माणूस स्वतःच्या हातानं वेचून पोटात घालतो, ती भूमी त्याला आपलं म्हणते. हे वाक्य माझ्या साडूंचं. ते अमिरातीत फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर नोकरी करतात आणि ही भूमी त्यांना आपलं म्हणते ती व्हिसाची मुदत संपेपर्यंत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूळचे गुहागरकडचे. निवृत्ती जवळ आली की काही माणसं अध्यात्माकडे वळतात. हे व्हिडिओंकडे वळले. कुठल्याशा थंड बेटावर लोकरी टोपी घातलेली एक बाई काटेरी झुडपावरची पिवळी फुलं वेचते, साखरेच्या पाकात मुरवते आणि त्याचं सरबत पिते, असा तो व्हिडिओ होता. फुलांना खोबऱ्याचा वास येतो, असंही ती बाई म्हणाली. कोकणातल्या माणसाला परदेशात खोबऱ्याचा वास येतो म्हटल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही.

ते झुडूप इथे उगवत नाही. साडू तेवढ्यानं अडले नाहीत. फुजैराच्या पाठीमागे डोंगरातल्या कोरड्या वाडीत, म्हणजे ओढ्याच्या पात्रात, बाभळीच्या जातीचं एक हिरव्या खोडाचं झाड आहे. वसंतात ते पिवळ्या फुलांनी भरून जातं. झाडाला काटे आहेत, फुलं पिवळी आहेत आणि राखायला कोणी नाही, एवढ्या तीन पुराव्यांवर त्यांनी त्याची नेमणूक केली. खोबऱ्याच्या वासाची चौकशी कोणी केली नाही.

महाशिवरात्र त्या वर्षी सुट्टीला जोडून आली, म्हणून मी आणि बायको दुबईहून आदल्या दिवशीच त्यांच्याकडे गेलो. पोचताच मला वाडीत नेण्यात आलं. साडूंनी झाडाखाली जुनी चादर अंथरली आणि फांद्या हलवायला सुरुवात केली. रानातली फुलं तोडायला इथे मनाई असते, हे मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, ‘मी तोडत नाही. पडतात ती घेतो.’ आणि पुन्हा फांदी हलवली.

तेवढ्यात एक म्हातारे स्थानिक गृहस्थ पिकअप थांबवून बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले. मग काच खाली करून त्यांनी हिंदीत विचारलं, ‘बकरी के लिए?’

साडू हसून हो म्हणाले. परतताना मात्र त्यांनी मला समजावलं की शेळ्या खातात म्हणजे ते माणसालाही चालतं. त्यांच्या संशोधनातला हा शेवटचा आणि माझ्या माहितीप्रमाणे एकमेव टप्पा.

घरी आल्यावर पाकळ्या सोडवून त्यांनी दह्याच्या डब्यात भरल्या. इथल्या कुठल्याही भारतीय घरात दह्याचा पांढरा प्लास्टिकचा डबा फेकला जात नाही. फ्रिज उघडला की सात-आठ पांढरे डबे दिसतात आणि दही त्यातल्या एकातही नसतं. त्याच फ्रिजमध्ये, तशाच डब्यात, मेहुणीनं दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी पाकळ्या ठेवल्या होत्या. शंकराच्या सहस्रनामाला दर नावाला एक पाकळी लागते. बिल्डिंगच्या पार्किंगला पिवळ्या कण्हेरीचं कुंपण आहे. त्यावरची फुलं रोज सकाळी देवाला आणण्याचा तिचा शिरस्ता आहे.

सकाळी आम्ही उठायच्या आत सरबत तयार होतं. साडूंनी ते काचेच्या सुरईत भरलं आणि वर पुदिन्याचं पान ठेवलं. मग ते बोलले. आपण इथे आयुष्य काढतो आणि बाटलीतलं पाणी पितो; आज प्रथमच आपण या भूमीचा रस घेत आहोत, अशा आशयाचं ते भाषण होतं. ते उभ्यानं केलं गेलं. आम्ही बसलो असल्यानं पळायची सोय नव्हती.

प्रत्यक्ष प्यायची वेळ आली तेव्हा उत्साह जरा पातळ झाला. माझ्या बायकोचा उपास निर्जळी होता. मेहुणी म्हणाली, पूजा झाल्यावर. भाची इथेच वाढलेली, कॉलेजात शिकणारी; ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, ‘सॉरी बाबा, आय ॲम ऑफ शुगर.’ साडूंना स्वतःला मधुमेह आहे. राहिलो मी आणि सासूबाई. मी ओठ लावले. कडू होतं. तसं सांगितल्यावर साडू म्हणाले की तो कडवटपणाच तर रानाची सही असतो.

सासूबाई दोन महिन्यांसाठी गुहागरहून आल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, हृदयाची गोळी रोजची. त्यांनी पेला घेतला आणि देवघराकडे तोंड करून बसल्या. थोड्या वेळानं रिकामा पेला पुढे केला. ‘छान झालंय, जावईबापू. अजून थोडं द्या.’ दुसरा पेलाही रिकामा झाला. साडूंनी माझ्याकडे जिंकलेल्या माणसासारखं पाहिलं.

मग अभिषेक झाला. देवघरात ताम्हणात सकाळपासून मांडलेली छोटी दगडी पिंड; दूध, दही, मध, पाणी, ज्याला जे घालायचं ते त्यानं घातलं. यजमान या नात्यानं साडूंनी पहिलं तीर्थ घेतलं आणि डोळे मिटून म्हणाले, ‘आज तीर्थसुद्धा गोड लागतंय.’ ओंजळ पुन्हा पुढे केली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तेव्हा तिसऱ्यांदाही केली. हे श्रद्धेचं फळ आहे, असं त्यांचं मत पडलं.

सहस्रनाम सुरू झालं. सासूबाई नावं म्हणत होत्या, मेहुणी डब्यातून पाकळी उचलून वाहत होती. शंभरेक नावं झाली असतील. मेहुणीचा हात हवेतच थांबला.

‘अहो, या पाकळीवर लाल ठिपके आहेत.’

‘असतील,’ साडू म्हणाले.

‘माझ्या कण्हेरीला ठिपके नसतात.’

तिनं डबा पालथा केला. आदल्या दिवशी चादरीवर पडलेल्या त्याच बारीक, चुरगळल्या पाकळ्या. त्या इथे होत्या, म्हणजे कण्हेर कुठे होती हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांची नजर सुरईकडे गेली. पुदिन्याचं पान अजून ताजं होतं.

कोकणातल्या पोराला चालता यायच्या आधी हे शिकवतात: कण्हेरीच्या बिट्ट्या खेळायला घ्याव्यात, फुलं देवाला वाहावीत, चीक लागला तर हात धुवावेत, आणि तोंडात काही म्हणता काही घालू नये. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. साडूंनाही. माझे ओठ चुरचुरताहेत असं मला वाटलं. मग सासूबाईंच्या शेजारचा रिकामा पेला दिसला आणि ओठांचं काही वाटेनासं झालं. बायकोनं आईचा हात धरला. सासूबाई म्हणाल्या, ‘नावं अर्धवट सोडू नये.’

गाडी भाचीनं चालवली, कारण साडूंना किल्ली कुठल्या खिशात आहे हे सापडेना. हॉस्पिटलातली डॉक्टर केरळची निघाली. मी फुलाचा फोटो दाखवला तशी तिनं खुर्ची मागे सरकवली. हे फूल हृदयाच्या गोळीसारखंच काम करतं, ती म्हणाली, आणि या तर गोळीही घेतात. सासूबाईंच्या छातीला वायरी लागल्या, रक्त तपासायला गेलं. माझ्याही छातीला लागल्या, पण माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं, मीसुद्धा नाही. उताऱ्याचं औषध दुबईहून मागवावं लागेल, असं डॉक्टर फोनवर कोणाला तरी सांगत होती. ‘नक्की किती प्यायल्या?’ तिनं हिंदीत विचारलं.

‘दोन पेले,’ साडू म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

सासूबाईंनी मान हलवली. दोन पेले.

ईसीजीचा कागद बघून डॉक्टरच्या कपाळावर आठी आली. ठोके अगदी व्यवस्थित होते. दोन पेले पोटात गेलेल्या बाईचे ते असायला नकोत, असं ती म्हणाली.

मेहुणी आईच्या कानाशी वाकली. ‘आई, खरं सांग. औषध द्यायचं की नाही ते त्यावर ठरणार आहे.’

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं, मग छताकडे. ‘त्यांना जरा बाहेर पाठव.’

साडू हलले नाहीत. तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, ‘कडू जहर होतं. जावयाच्या हातचं, नाही कसं म्हणायचं? दोन्ही पेले पिंडीवर घातले. त्याला सवय आहे.’

बायको रडता रडता हसायला लागली. मला त्या क्षणी त्या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं. मी तसं करायला वाकतच होतो, तेवढ्यात भाची म्हणाली, ‘वेट. बाबांनी ते तीर्थ घेतलं ना? थ्री टाइम्स?’

साडू हळूच शेजारच्या खाटेवर बसले. नर्सनं सासूबाईंच्या वायरी काढल्या आणि त्यांना लावल्या. मेहुणी त्यांच्या उशाशी जाऊन उभी राहिली आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली. ‘गोड लागत होतं, नाही का?’

साडूंना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. ताम्हणातल्या दूधपाण्यात मिसळून गेल्यानं पोटात फारसं काही गेलं नव्हतं. हृदय उत्तम निघालं. डॉक्टरनं रिपोर्टमध्ये एकच गोष्ट लाल पेनानं अधोरेखित केली. साखर वाढली होती.