ट्रॅम्पोलिनवरच्या कुरडया

वादळांच्या बाबतीत आमच्या घराण्यात माझ्याइतका अनुभवी माणूस झालेला नाही. शिकायला ओक्लाहोमात होतो, तेव्हा एका दुपारी एकामागून एक टोर्नेडो आले आणि मी त्यातून सहीसलामत बाहेर पडलो. (कॉलेजच्या तळघरात डोक्यावर दप्तर धरून बसलो होतो, पण बसायलाही छाती लागते!) आता मेलबर्नजवळ टार्निटला राहतो. इथे ढग गडगडले की मी दारात उभा राहून "हे काहीच नाही" असं म्हणतो. तेवढ्या वेळात माझी बायको मीनल दोरीवरचे कपडे काढून आणते.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई नाशिकहून आल्या. मीनलच्या भाचीचं लग्न इथेच होतं आणि रुखवताचा मान आजीचा. विमानतळावर खाण्याच्या जिनसांची झडती नको, म्हणून कुरडया इथेच करायच्या ठरल्या. गहू भिजवले, चीक शिजवला, सोऱ्या दाबून मीनलचे हात भरून आले. आता वाळवण घालायचं कुठे? अंगण हातभर, त्यातलं निम्मं माझ्या लेकीच्या, ईराच्या ट्रॅम्पोलिनने व्यापलेलं.

"बाजेसारखंच आहे की हे. खालूनसुद्धा वारा लागेल," म्हणत सासूबाईंनी त्यावर जुनी साडी अंथरली.

"आजी, दॅट्स माय ट्रॅम्पोलिन," ईरा म्हणाली.

"लग्न होऊ दे, मग मार उड्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मीनलच्या फोनवर वादळाचा इशारा आला. ती वाचून दाखवायला लागली, तर मी हात वर करून तिला थांबवलं. अनुभवी माणूस सूचना ऐकत नाही, देतो. मी आभाळ पाहिलं. हिरवट! थेट ओक्लाहोमासारखं! माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांनी माझं ज्ञान कुटुंबाच्या कामी येणार होतं.

"सगळे खिडकी नसलेल्या खोलीत चला," मी जाहीर केलं.

आमच्या घरात खिडकी नसलेली खोली एकच, खालचं टॉयलेट. त्यात मी तिघींना कोंबलं आणि स्वतःही शिरलो. ईराला सायकलचं हेल्मेट, सासूबाईंना माझं क्रिकेटचं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पाहुण्यांची गादी.

"जावईबापू, माझ्या कुरडया आत घेऊन येते. दोन मिनिटांचं काम," हेल्मेटच्या जाळीतून आवाज आला.

"आई, टोर्नेडोत वस्तूंचा मोह धरायचा नसतो."

"अरे, पण टोर्नेडो कुठेय?" मीनल म्हणाली. "नुसतं वादळ आहे. आणि त्या इशाऱ्यात..."

"ओक्लाहोमात कोण होतं, तू का मी?"

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. बाहेर वारा घोंघावला, पत्रे वाजले, काहीतरी मोठं सरपटत गेल्याचा आवाज आला आणि मग धाडकन! सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मी अभिमानाने म्हणालो, "बघा, बाहेर असता तर?"

वीसेक मिनिटांत ऊन पडलं. आम्ही अंगणात गेलो. घर जागेवर, झाड जागेवर, कपड्यांची दोरीसुद्धा जागेवर. फक्त ट्रॅम्पोलिन नव्हतं.

शेजारच्या ग्रेगने कुंपणावरून डोकं काढलं. "मेट, धिस युवर्स? अँड द नूडल्स टू?"

ट्रॅम्पोलिन त्याच्या अंगणात उताणं पडलं होतं. ओल्या कुरडया त्याच्या यूटच्या, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या, काचेला चिकटल्या होत्या आणि उरलेल्या त्याचा कुत्रा मनापासून खात होता.

"इशाऱ्यात पहिलंच वाक्य होतं," मीनल शांतपणे म्हणाली. "ट्रॅम्पोलिन बांधून ठेवा."

सासूबाईंनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "जावईबापू, तुमच्या त्या ओक्लाहोमात काय काय उडालं होतं हो?"

"छपरं, ट्रक..."

"आणि तुमचं?"

मी आठवून पाहिलं. ओक्लाहोमात माझा हातरुमालही उडाला नव्हता.

रुखवत चारच दिवसांवर आलं होतं. त्या रात्री पुन्हा गहू भिजले. सोऱ्या मात्र या वेळी एकट्या माझ्या हातात होता, आणि सासूबाई खुर्ची टाकून "पीळ सुटू देऊ नका" म्हणत समोर बसल्या होत्या. लग्नात त्या कुरडया रुखवताच्या मधोमध मांडल्या. विहीणबाईंनी कौतुक केलं तेव्हा सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या जावयांनी केल्यात." खोटं कशाला बोलू, त्या तळघरातून जिवंत निघालो तेव्हाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

तेव्हापासून घरात माझ्या अनुभवाला फार मान आहे. वादळाचा इशारा आला की बाकीचे सगळे बिनखिडकीच्या टॉयलेटमध्ये जाऊन बसतात आणि मला ट्रॅम्पोलिन धरायला बाहेर पाठवतात.