घाबरलेला मास्तर

इथे फेल्डहोवनच्या डच शाळेत प्रत्येक पोराला वर्षातून एकदा वर्गासमोर उभं राहून एका विषयावर बोलावं लागतं. माझ्या दहा वर्षांच्या लेकीने इटलीतला तो जुना मास्तर निवडला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं त्याने सांगितलं, आणि चर्चने त्याला गुडघ्यांवर बसवून ते मागे घ्यायला लावलं. जगात विषयांचा दुष्काळ पडला होता का? माझे बाबा तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, आणि आमच्या बाईसाहेब भाषणाची तालीम त्यांच्यासमोरच करणार होत्या.

बाबा आमच्या गावी विज्ञान शिकवायचे. शाळा मठाची. एका सूर्यग्रहणाला सगळं गाव वेध पाळून उपाशी बसलेलं असताना या गृहस्थांनी आमच्या वर्गाला मैदानात बसवून कांदेपोहे खायला घातले. ग्रहणात खाल्लं की पोट बिघडतं म्हणतात ना, मग बघू या, असं त्यांचं म्हणणं. पोट कुणाचंच बिघडलं नाही, पण मठाचे महाराज भयंकर चिडले. माफी मागा, नाहीतर नोकरी सोडा. बाबांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर हात जोडून माफी मागितली. त्यानंतर आमच्या घरात तो विषय कधी निघाला नाही.

तालीम डचमधून झाली. बाबा सोफ्यावर चहा घेत बसलेले, मी शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होते. शेवटचं वाक्य आलं: तो भित्रा होता. हे बाबांना कसं ऐकवायचं? मी ठोकून दिलं, ‘‘आणि मग तो म्हातारा झाला.’’

आता या पोरीला मराठी बोलायचा कंटाळा, पण कळतं सगळं. ‘‘आई खोटं सांगते,’’ ती चक्क मराठीत म्हणाली. ‘‘आजोबा, तो घाबरट होता.’’

बाबांनी कप खाली ठेवला. ‘‘घाबरला असणारच. मीही घाबरलो होतो.’’ आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं, पोह्यांपासून माफीपर्यंत. ‘‘तुझी आई सहावीत होती. नोकरी गेली असती तर खाल्लं काय असतं? जोडले हात.’’

‘‘मग शिकवणं बंद?’’

‘‘छे. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या. फटीतून उन्हाची एक तिरीप आत येत होती, तिच्यात चेंडू धरला आणि ग्रहण पुन्हा शिकवलं. पोहे तेवढे नव्हते.’’

त्या अंधाऱ्या वर्गात मी होते. भिंतीवर चेंडूची सावली पडली, बाबांनी ती हळूहळू सरकवली, आणि मला वेड लागलं ते लागलंच. आज मी चिप बनवायच्या यंत्रांवर काम करते, चिपवरची नक्षी प्रकाशानेच उमटवतात, म्हणजे दिवसभर प्रकाशाशीच झटापट. हे सगळं तुमच्या त्या तासाचं देणं आहे, असं मी बाबांना तिथेच सांगून टाकलं. डोळे भरून आले होते, आले तर आले. बाबा म्हणाले, ‘‘बरं बरं. चहा गार झाला, जरा गरम कर.’’

लेक पुन्हा वाचायला बसली. त्या मास्तराला पुढे घरातच कोंडलं होतं, दृष्टीही गेली, तरी शिष्य त्याच्याकडे येऊन शिकत होते. त्याचं शेवटचं पुस्तक तिकडे छापायची सोय नव्हती, ते इथे, याच देशात, लायडनला छापलं गेलं. हे वाचून ती जेवायचं विसरली.

भाषणाच्या दिवशी वर्गाच्या बाईंनी आम्हा दोघांना मागे बसायची परवानगी दिली. बाबांना अर्थात एक अक्षर कळत नव्हतं. लेक शेवटाला आली, आमच्याकडे बघून थांबली आणि बोलली. मी बाबांच्या कानाशी लागले आणि या वेळी जसंच्या तसं सांगितलं: ‘‘तो घाबरला होता. तरी त्याने शिकवणं सोडलं नाही. माझ्या आजोबांनीही नाही.’’

बाबा माझ्याकडे वळले.

‘‘घाबरला होता हे तिने खोडलं नाही,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘बरं केलं.’’