गोठलेल्या तळ्याबद्दलची तक्रार

हॅनोव्हरच्या घरी आपल्या वरच्या मजल्यावर राहणारा म्हातारा तुम्हाला आठवत नसेल. थोरली सात वर्षांची होती, धाकटा पाच. तुमचे आईबाबा कामावर जायचे, म्हणून तो हिवाळा मी तुमच्याकडे काढला. म्हातारा एकटाच असायचा. मूळ जर्मन, पण सायबेरियातून आलेला, एवढंच मला ठाऊक होतं.

जानेवारीत घरामागचं तळं गोठलं. लोक त्यावरून चालत होते, म्हणून मीही तुम्हाला नेलं. इंग्रजी शाळेत इतकी वर्षं शिकवलेलं; सवयीने तुम्हाला हातात हात देऊन ओळीत चालवलं, मागे मी. जरा आत गेलो, तोच म्हातारा काठावरून ओरडत आला. तुमचे हात हिसकून सोडवले, धाकट्याला बाजूला ढकललं आणि मला लांब सरकायची खूण केली. धाकटा पडला आणि रडू लागला. मी म्हाताऱ्याला इंग्रजीत फैलावर घेतलं. त्याला अक्षरही कळलं नसावं.

घरी येताच मी हाउसफेरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीचं काम पाहणाऱ्या ऑफिसला, पत्र लिहायला बसले.

तुमचे बाबा म्हणाले, "आई, आधी वर जाऊन विचार तरी."

"कुठल्या भाषेत विचारू?"

"मी येतो ना बरोबर."

मी गेले नाही. पत्रात तीन मुद्दे घातले. तिसरा होता, 'गृहस्थ दारू प्यायलेले असावेत.' मला कसलाही वास आला नव्हता. दोनच मुद्द्यांचं पत्र लंगडं वाटलं, म्हणून लिहिलं.

आठवड्याने त्याची मुलगी दारात उभी राहिली. हातात ऑफिसचं पत्र होतं: पुन्हा तक्रार आली तर घर सोडावं लागेल. तिला इंग्रजी येत होतं.

"पपा गोठलेल्या नद्यांवरून ट्रक चालवायचे," ती म्हणाली. "डिझेल, लाकूड, यंत्रं. बर्फावर दोन गाड्यांनी जवळ यायचं नसतं. सीटचा पट्टा लावायचा नाही, दार उघडं ठेवायचं. एकदा मागचा ट्रक फार जवळ आला आणि बर्फ मोडला. पपांनी उडी मारली. मागच्याने दार लावून घेतलं होतं."

मग तिने पत्रातल्या दारूच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि ते पीत नाहीत. डॉक्टरांनी बिअरसुद्धा बंद केलीय. तेवढं तरी खोडाल?"

मी हो म्हणाले. 'गैरसमज झाला, तक्रार मागे घेते,' असं दुसरं पत्र पाठवलं आणि त्याचं घर वाचलं. पण दारूचं वाक्य मी मनाचं घातलं होतं, हे त्यात लिहिलं नाही. खाली माझी सही करायची होती. वर जाऊन माफीही मागितली नाही. जर्मन येत नाही, ही सबब पुरली.

त्यानंतर जिन्यात तुम्ही दिसलात की तो भिंतीला टेकून थांबायचा आणि तुम्ही खाली उतरेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे ठेवायचा.

"आजी, ते आजोबा हात का लपवतात?" थोरलीने एकदा विचारलं.

"गार पडले असतील," मी म्हटलं.