आपलाच पूल

स्वित्झर्लंडमध्ये मुलीकडे राहायला गेले होते, तेव्हा शेजारचे म्हातारे सुतारकाका आमच्याबरोबर नदीवरच्या पुलापर्यंत फिरायला यायचे. पुलाच्या खांबात एक लोखंडी झाकण दिसलं म्हणून विचारलं. काका सांगत गेले, मुलगी मराठीत.

“आई, ती सुरुंग भरायची जागा. इथे सुतार, मास्तर, गवळी असे सगळेच वर्षातले काही आठवडे सैनिक असतात. काकांच्या तुकडीला एकच काम होतं. शत्रू आला की हा पूल उडवायचा.”

कुणावर चालून जायचं नाही असं ठरवलेल्या देशाला मोडायला आपलंच काहीतरी लागतं, असं मनात आलं. आलं आणि गेलं. त्याचं काही वाटलं नाही. खालून पाणी वाहत होतं.

“पण सीमा तर आपल्या घरांच्या बाजूला,” मी म्हणाले. “पूल पडला की यांचं घर शत्रूकडेच राहणार.”

मुलीने ते सांगितल्यावर काकांनी मान डोलावली.

“बायकोला माहीत होतं?”

“हो,” ते म्हणाले. “सरावाला निघायच्या आदल्या दिवशी तीच गणवेशाला इस्त्री करायची.”