औदुंबराखालची कील

कील म्हणजे बोटीच्या पोटाखालचं वजन. तेच बोटीला वाऱ्यात उलटू देत नाही. माझ्या छोट्या शिडाच्या बोटीची लोखंडी कील म्हणजे नुसती पट्टी, त्यामुळे बोट सारखी कलंडायची. शेवटी वैतागून मी नवं डिझाइन काढलं आणि डोंबिवलीच्या फेज टूमधल्या एका कारखान्यातून शिशाची कील ओतून आणली. खाली गोलमटोल, वर निमुळती. खाडीच्या पाण्याने खराब होऊ नये म्हणून तिला प्रायमर फासला. दुकानात केशरीच शिल्लक होता. वाळायला तिला सोसायटीतल्या औदुंबराला टेकवून ठेवली आणि ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर पुण्याला गेलो.

परत आलो तर कीलला झेंडूचा हार, पुढ्यात नारळ आणि गेटपर्यंत अगरबत्तीचा वास! मी तडक सेक्रेटरींच्या दारात.

"अहो, ते बोटीचं वजन आहे! मी स्वतः बनवून घेतलंय!"

"मूर्ती कुणीतरी बनवतंच की," ते शांतपणे म्हणाले. "पण एकदा पूजेला लागली की घरी नेत नाहीत. गुरुवारच्या आरतीचा पहिला मान तुमचाच."

घरी येऊन मी बायकोवर डाफरलो, "आता रविवारी बोट कशी काढू?"

तिने माझ्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला. "बोट उलटू द्यायची नाही, एवढंच काम ना त्याचं? मग सांगून जा. इथूनच बघेल."

रविवारी जुनीच पट्टी लावून खाडीत गेलो. पण त्याआधी, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, औदुंबरापाशी चपला काढल्या.